सात आडवे

सातव्या महिन्यात वाहकाची बॅग काढून घेतली
आणि मला पारोळा स्टँडच्या केबिनमध्ये बसवलं,
हलकं काम म्हणून.
तिथे सुपडू बोरसे, वाहतूक नियंत्रक,
निवृत्तीला अकरा महिने,
एका हातात माईक, दुसऱ्यात तासून बोटाएवढी उरलेली पेन्सिल,
काचेखाली वेळापत्रक, काचेवर आजचं शब्दकोडं.

'धुळ्याकडे जाणारी गाडी फलाट दोनवर लागत आहे.'
मग माझ्याकडे वळून, त्याच आवाजात,
'पाणी. दोन अक्षरी.'
जल, मी म्हटलं.
'नीर का नाही? तोय का नाही?
घाई करू नको. उभा शब्द येऊ दे,
तो सांगेल कोण बसतंय.'
बाटल्या विकणारा युनूस खिडकीतून म्हणाला,
दोन अक्षरी? बंद.
बारा दिवस नळ नव्हता गावाला.
बोरसे हसले नाहीत. घरं मोजली.
'बसतंय,' म्हणाले, 'पण नाही.'

जोडाक्षर म्हणजे एका सीटवर दोघं, तिकीट एकच.
रात्रीला दोनच घरं,
'त्र' कितीही आवळून बसला तरी.
काना, मात्रा, वेलांटी ही मांडीवरची पोरं.
त्यांना तिकीट नाही,
पण आडव्यात चढलेलं पोर
उभ्यात उतरवून द्यायचं नाही.
माझा हात पोटावर गेला असावा.
त्यांनी उगाच पेन्सिल तासायला घेतली.

बाजाराच्या दिवशी माईक चालूच राहिला.
'सात आडवे. मुलगी. तीन अक्षरी.'
मुतारीपासून रसवंतीपर्यंत सगळ्या स्टँडवर गेलं ते.
कुणी ओरडलं, लेक! ती दोनच भरली.
कॉलेजच्या पोरांनी भलतंच एक नाव घेतलं,
चौथ्या फलाटावर एकीनं ओढणी सारखी केली.
मग बाकड्यावरून,
कळण्याच्या भाकरींचं गाठोडं मांडीवर धरून
एक म्हातारी,
'आंडेर.'
आणि एकेक बोट उघडत, आं, डे, र.
'मोजी ले.'

मोजलं. सगळ्यांनीच मोजलं.
काचेतून मला ओठ हलताना दिसले.

बोरसेंनी माईक तोंडाशी नेला.
'बाई, पहिलं घर त आहे. उभा शब्द तराजू.'
'तो त कोनी लिखा?'
'मीच.'
'मंग?'

एवढ्यात बहादरपूरची गाडी लागली.
पायरीवर एक पाय ठेवून
तिनं मागच्यांना सांगितलं, आंडेरकडेच जाऊ राह्यनू,
आणि गाठोडं आधी आत सरकवलं.
बोरसेंनी माईक बंद केला.
खोडरबर हातात घेतला, तराजूकडे पाहिलं,
परत ठेवला.
मग चौकटीबाहेर, कापसाचे भाव छापतात त्या समासात,
बारीक अक्षरात लिहिलं तिचं उत्तर.

दुसऱ्या दिवशी छापून आलं, तनया.
मला नीट उकलून दाखवलं त्यांनी.
'त तराजूचा. या याचनेचा,
विनवणी, तीन अक्षरी.
मधल्या न वरून उभं काही जात नाही,
तो नुसता या दोघांच्या आधारानं.
बघ, कसं कुलूप बसतं.'
बसत होतं खरं.
मी विचारलं, तुमच्या घरी कुणी तनया म्हणतं?
'घरी,' ते म्हणाले, आणि अमळनेरची गाडी पुकारून आले.
'दोन आंडेरी. दोन्ही सुरतला.'
त्या दिवशी पुढचं कोडं त्यांनी उघडलंच नाही.

ते चहाला गेल्यावर
माईकचं बटण खाली आहे ना, बघितलं.
पेन्सिल घेतली, पण लिहिलं काही नाही.
हळूच म्हणून पाहिलं फक्त,
पोटाकडे बघत, घर सोडून घर,
आं.
डे.
र.

रसवंतीपाशी उसाची मोळी सोडणाऱ्या बाईनं
मान वर केली,
आणि स्टँडभर कोण बोललं ते शोधत राहिली.